बिशप आल्या

इंग्लंडच्या मध्य भागातल्या ज्या लहान गावात मी अठरा वर्षे राहते आहे, तिथल्या चर्चच्या ओसरीत भिंतीवर एक काचेची पेटी आहे. रविवारच्या उपासनेच्या वेळा, वेदीवरच्या फुलांची पाळी, कोणाचा अंत्यविधी कधी, असे कागद तिच्यात टाचणीने लावलेले असतात. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे नव्या व्हिकर आल्या. या चर्चच्या शेकडो वर्षांच्या आयुष्यात व्हिकर, म्हणजे इथल्या मुख्य धर्मगुरू, झालेल्या त्या पहिल्या बाई. निवृत्त झालेले एक धर्मगुरू त्यांच्या मदतीला म्हणून अधूनमधून सकाळची लवकरची उपासना घेतात. त्या महिन्याचा कागद पेटीत लागला. आठ वाजता प्रभुभोजन: फादर, आणि पुढे त्या गृहस्थांचे नाव. दहा वाजता प्रभुभोजन: आणि पुढे बाईंचे नुसते पहिले नाव.

रेव्हरंड नाही, मदर नाही, आडनावसुद्धा नाही. चर्चच्या किल्ल्या बाईंकडे, लग्नाच्या नोंदी त्यांच्याकडे, मंडळीतल्या कोणाला मध्यरात्री इस्पितळात नेले तर फोन त्यांना. तरी कागदावर मान मदतनिसाचा होता.

कागद टाइप करणाऱ्या बाईंना मी विचारले. त्या म्हणाल्या, "त्यांनीच सांगितलं, मला नावानं हाक मारा म्हणून. आणि ते तर पहिल्यापासून फादरच आहेत." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. कोणाच्या मनात काळेबेरे नव्हते. म्हणूनच तो कागद माझ्या डोक्यातून जाईना. कोणी मुद्दाम अपमान केला असता तर त्याच्याशी भांडता आले असते. हे आपसूक झाले होते.

इंग्रजी बोलणाऱ्या चर्चमध्ये स्त्री धर्मगुरूला काय म्हणायचे, हा वाद स्त्रियांना दीक्षा मिळू लागली तेव्हापासून चालू आहे, आणि अनेक शहाण्या माणसांना तो क्षुल्लक वाटतो. दीक्षा मिळाली, पगार सारखा, झगा सारखा, मग हाकेचे काय एवढे, असे ते म्हणतात. मला ते पटत नाही. एकाच वेदीपाशी एकच काम करणाऱ्या दोघांना एकाच तऱ्हेची हाक असली पाहिजे. दोघांना पदाने हाक मारा, दोघांना नात्याने मारा, किंवा दोघांना नावाने मारा. यातले काहीही मला चालेल. एकाला बाप करायचे आणि दुसरीला नुसती मैत्रीण, हे चालणार नाही.

गंमत अशी की इंग्रजीतली पाद्र्यांची अधिकृत बिरुदे पाहिली तर भांडणाला जागाच नाही. 'रेव्हरंड' हा शब्द लॅटिनमधला, 'ज्याचा आदर करायचा तो' अशा अर्थाचा. आपले 'आदरणीय', 'वंदनीय' याच घडणीचे. डीन असेल तर व्हेरी रेव्हरंड, बिशप असेल तर राइट रेव्हरंड, आर्चबिशप असेल तर मोस्ट रेव्हरंड, आर्चडीकन असेल तर व्हेनरेबल. ही सगळी विशेषणे आहेत, आणि इंग्रजी विशेषणाला लिंग नसते. जुन्या वळणाचे इंग्रज अजूनही 'रेव्हरंड स्मिथ' म्हटले की कपाळाला आठ्या घालतात. त्यांच्या लेखी 'द रेव्हरंड जॉन स्मिथ' बरोबर, नाहीतर 'द रेव्हरंड मिस्टर स्मिथ'. आपणही 'आदरणीय जोशी, इकडे या' असे कोणाला म्हणत नाही. (मराठीने हा नियम कधी मानला नाही. आपले 'रेव्हरंड टिळक' शंभराहून अधिक वर्षे तसेच आहेत आणि कोणाचे काही बिघडलेले नाही.)

१९९२ च्या नोव्हेंबरात चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनॉडने, म्हणजे कायदे करणाऱ्या सभेने, स्त्रियांना धर्मगुरू करायचे ठरवले. सामान्य सभासदांच्या सभागृहात लागणारे दोन तृतीयांश बहुमत अवघ्या दोन मतांनी मिळाले. १२ मार्च १९९४ ला ब्रिस्टल कॅथीड्रलमध्ये पहिल्या ३२ स्त्रियांना दीक्षा झाली, त्यात सर्वांत आधी अँजेला बर्नर्स-विल्सन यांना. त्या दिवशी बिरुदाचे एक अक्षरही बदलावे लागले नाही. 'रेव्हरंड' त्यांच्या नावामागे जसाच्या तसा बसला.

अडचण आली ती त्या 'मिस्टर'च्या जागी. पुरुषाला 'द रेव्हरंड मिस्टर' म्हटले की काही उघड होत नाही. बाईला 'द रेव्हरंड मिस' की 'द रेव्हरंड मिसेस' हे ठरवायचे तर तिचे लग्न झाले आहे का, हे वेदीपर्यंत विचारत जावे लागते. प्रभूची भाकर हातावर ठेवणाऱ्या माणसाबद्दल ही माहिती कोणाला कशाला हवी?

त्याहून जुनी अडचण प्रत्ययाची. इंग्रजीत 'एस' लावून स्त्रीलिंग करतात तसे आपण 'ईण' लावतो. पाटलाची पाटलीण, मास्तरांची मास्तरीण, डॉक्टरांची डॉक्टरीण. हे शब्द नीट ऐकले तर त्यात 'ची' दडलेली आहे हे कळते. पाटलीण गावचा कारभार पाहत नव्हती, ती पाटलाची बायको होती. इंग्रजीतही मेयरची बायको ती मेयरेस. म्हणजे पदाला बाईचा प्रत्यय लागला की पहिला अर्थ निघतो तो पदावरच्या पुरुषाच्या घरातली बाई. डॉक्टर झालेल्या मुलींनी 'डॉक्टरीण' कधीच टाकून दिले ते काही उगाच नाही.

चर्चमध्ये या प्रत्ययाने काय केले ते 'डीकनेस' या शब्दात दिसते. १८६२ साली लंडनच्या बिशपांनी एलिझाबेथ फेरार्ड यांना डीकनेस म्हणून नेमले आणि चर्च ऑफ इंग्लंडमध्ये ही जुनी सेवा पुन्हा सुरू झाली. या बायकांनी गरीब वस्त्यांत, आजाऱ्यांत, मुलींच्या शाळांत आयुष्ये घातली. पण डीकन हा पाद्र्यांच्या पहिल्या पायरीवरचा माणूस आणि डीकनेस ही त्या पायरीच्या खाली उभी असलेली बाई, असाच त्याचा अर्थ होता. स्त्रियांना प्रत्ययाशिवाय 'डीकन' ही दीक्षा मिळाली १९८७ मध्ये. एका प्रत्ययाएवढे अंतर तोडायला सव्वाशे वर्षे लागली.

आणि मूळ शास्त्रात हा प्रत्यय नव्हताच. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल किंख्रियाच्या मंडळीतल्या फिबीची शिफारस करतो. तिच्यासाठी तो जो ग्रीक शब्द वापरतो तोच पुरुषांसाठी वापरतो. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात पुरुषांच्या वाट्याला त्याच शब्दाचे 'डीकन' आणि 'मिनिस्टर' झाले, फिबीच्या वाट्याला 'सर्व्हंट' आले. आपल्या मराठी शास्त्रात ती 'सेविका' आहे. सेविका हा वाईट शब्द नाही, मी त्याला हलका म्हणणार नाही. पण तो वाचताना मला माझी पणजी आठवते.

पणजी नगर जिल्ह्यात बायबल बाई होती. मिशनच्या कामावर असलेली, पायी खेडोपाडी हिंडणारी. शेवगाव-पाथर्डीच्या उन्हात डोक्यावर पदर घेऊन, हातात पिशवी, पिशवीत शास्त्र आणि गीतांचे पुस्तक. बायकांना वाचायला शिकवायची, बाळंतिणीपाशी बसायची, मरणाऱ्याच्या उशाशी प्रार्थना करायची. पाळकसाहेब महिन्यातून एकदा त्या गावात यायचे, ही आठवड्यातून दोनदा. तिला 'बाई' म्हणत. नावामागे काही नव्हते, पुढेही काही नव्हते. घरी तिचा एक फोटो आहे, त्याच्या मागे पेन्सिलने पाळकसाहेबांचे पूर्ण नाव, पदवीसकट, लिहिलेले आहे. ते तिच्या शेजारी उभे आहेत. तिच्या जागी लिहिले आहे: आणि बायबल बाई.

फोटोच्या मागची ती ओळ आणि ओसरीतल्या पेटीतला कागद, यांच्यात शंभर वर्षांचे आणि सात हजार किलोमीटरांचे अंतर आहे. मला ते एकाच हाताने लिहिल्यासारखे वाटतात.

'प्रीस्टेस' या शब्दाबद्दल फार लिहायला नको. स्त्रियांच्या दीक्षेला ज्यांचा विरोध होता त्यांनी तो शब्द हत्यारासारखा वापरला, कारण तो ऐकला की इंग्रज माणसाच्या डोळ्यांपुढे ग्रीक-रोमन देवळातली पुजारीण उभी राहते. दीक्षा घेतलेली कोणतीही बाई स्वतःला ते म्हणवून घेत नाही. विषय संपला.

पण या प्रत्ययाला एक मोठा अपवाद आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे: 'अ‍ॅबेस'. सातव्या शतकात व्हिटबीच्या मठाची प्रमुख हिल्डा होती. तिच्या हाताखाली साधू आणि साध्वी दोघेही होते, आणि ६६४ साली इंग्लंडच्या चर्चने ईस्टरची तारीख कशी मोजायची हे ज्या सभेत ठरले ती तिच्या मठात भरली. तिच्या पदवीला 'एस' होता आणि तरी तो शब्द कोणाची बायको सांगत नव्हता. अधिकार खरा असला की प्रत्यय त्याला झाकू शकत नाही, एवढे यातून दिसते. आणखी एक गोष्ट आहे. 'अ‍ॅबट' आणि 'अ‍ॅबेस' हे दोन्ही शब्द ज्या मुळातून आले तो शब्द 'अब्बा', म्हणजे अरामी भाषेतला 'बाप'. बापाला स्त्रीलिंगी प्रत्यय लावून तिचे पद तयार झाले होते.

आता खऱ्या गाठीकडे येते. फादर.

मराठी माणसाला 'फादर' इतका ओळखीचा आहे की त्याचा अर्थ बाप हे लक्षातही येत नाही. वसईत, गोव्यात, कॉन्व्हेंट शाळेच्या आवारात, कॅथलिक धर्मगुरू म्हणजे फादर. क्रिस्तपुराण लिहिणारे इंग्रज जेझुइट आपल्याला फादर स्टीफन्सच. पण खुद्द इंग्लंडमध्ये साध्या पॅरिशच्या, म्हणजे गावच्या किंवा वस्तीच्या मंडळीच्या, पाद्र्याला सरसकट फादर म्हणायची रीत एकोणिसाव्या शतकात रुळली. त्याआधी तिथल्या कॅथलिक पॅरिशचा पाद्रीही 'मिस्टर' असायचा, फादर हे मुख्यतः मठवासी संघांतल्या साधूंना. अँग्लिकनांपैकी, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्यांपैकी, ज्या मंडळ्या कॅथलिक वळणाच्या होत्या त्यांनी ते उचलले, बायबलच्या शब्दावर भर देणाऱ्या इव्हँजेलिकल मंडळ्यांनी उचलले नाही. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू सांगतो की पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका, ते वाक्य त्या पुढे करतात. तेव्हा 'फादर' ही अनादि परंपरा आहे आणि स्त्रियांनी येऊन तिला धक्का लावला, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. ज्या इंग्लंडमध्ये फादर शे-दीडशे वर्षांत रुळला, तिथे दुसरे काही वीस वर्षांत रुळू शकते.

मग बाईला 'मदर' म्हणावे का? काही मंडळ्यांत म्हणतात, आणि काही स्त्री धर्मगुरूंना ते आवडते. त्यांचा मुद्दा मला समजतो: शेजारच्याला फादर म्हणताहात ना, मग माझ्या बाबतीत गप्प का? पण पुष्कळजणींना ते नको असते, आणि त्यांचीही कारणे खरी आहेत. इंग्रजीत मदर म्हटले की मठाची प्रमुख साध्वी आठवते. शिवाय पंचवीस वर्षांच्या पाद्र्याला ऐंशी वर्षांचे आजोबा फादर म्हणतात ते कोणाला खटकत नाही, आणि तेवढ्याच वयाच्या मुलीला मदर म्हणताना सगळे अडखळतात. असे का? कारण इंग्रजीत बाप या शब्दात अधिकार गेली कित्येक शतके मुरला आहे, आई या शब्दात काळजी मुरली आहे. फादर म्हटला की तो सांगणार. मदर म्हटली की ती करणार, बहुधा चहा.

इथे माझा मराठी कान मला वेगळे काही सांगतो, आणि ते इंग्रज मैत्रिणींना समजावताना माझी दमछाक होते. आमच्याकडे सातशे वर्षे एका पुरुषाला आई म्हणतात. ज्ञानोबा माउली. आळंदीहून निघालेल्या वाटेवर कोणीही कोणालाही 'माउली' म्हणतो: पोलीस, म्हातारी, पाणी वाटणारा पोरगा, सगळे माउली. पंढरीचा विठोबा तर विठाई आहेच. त्या हाकेत बाई की पुरुष हा हिशेब नसतो आणि अधिकार की माया हाही नसतो, कारण तिथे मायेलाच अधिकार आहे. नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा ही भाषा बरोबर घेऊन आले. त्यांच्या पदांत ख्रिस्त माउली होतो, गुरू होतो, दोन्ही एकदम. आणि हे फक्त आपलेच आहे असेही नाही. चौदाव्या शतकात इंग्लंडातल्या नॉर्विचमध्ये चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या एका खोलीत राहणाऱ्या ज्युलियनने येशूला आई म्हटले आहे, ठामपणे, पुन्हा पुन्हा. इंग्रजीला ते जमत होते. पुढे ती सवय मोडली.

म्हणून मी 'मदर'ला वाईट म्हणत नाही. त्या शब्दात अजून आळंदीची वाट नाही, एवढेच म्हणते. जोवर ती नाही तोवर कोणावर तो लादू नये. आणि ज्या मंडळीत एकाही बाईला मदर म्हणवत नाही, त्या मंडळीने पुरुषाला फादर म्हणायचे थांबवावे. हा माझा सगळ्यात कडक मुद्दा आहे आणि यावर मी मागे हटणार नाही. पुष्कळांना वाटते की बाईंसाठी योग्य शब्द सापडला की काम झाले. शब्द सापडेपर्यंत गृहस्थांचा शब्द तसाच चालू राहतो, आणि त्या दरम्यान बाईंची जागा रिकामी राहते. ती दहा वर्षे रिकामी राहू शकते, तीस वर्षे राहू शकते.

नात्याच्या हाकेबद्दल आपल्याच इतिहासात एक धडा आहे, आणि तो घडला इंग्लंडच्याच चर्चमध्ये. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी वीस वर्षांच्या रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. 'पंडिता' हा शब्द बघा. 'पंडितीण' नव्हे. पंडिताची कोणी नव्हे, स्वतः विद्वान असलेली. प्रत्यय लागूनही मान पूर्ण राहिला, कारण तो ज्ञान पाहून दिला होता. पाच वर्षांनी रमाबाई इंग्लंडला आल्या, वाँटेजच्या साध्वींच्या मठात राहिल्या, तिथेच १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डीन. रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत. इंग्रजी बिरुद बाजूला ठेवून त्यांनी आपले मराठी नाते लावले, आणि ते प्रेमाने लावले.

पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे का, असा प्रश्न निघाला. हिंदुस्थानातल्या बिशपांनी विरोध केला. बाईने पुरुषांना शिकवले तर मायदेशी तिचा शब्द चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे. 'आजीबाई' बिशपांच्या बाजूने उभ्या राहिल्या. तेव्हा रमाबाईंनी पत्रात स्पष्ट लिहिले की भटभिक्षुकांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता तसलेच दुसरे घेणार नाही. आजीबाई म्हणणे त्यांनी सोडले नाही. नाते ठेवले, आणि नात्याच्या नावाने येणारा हुकूम नाकारला. चर्चमधल्या फादर-मदरचा इतका चांगला उलगडा मला दुसरीकडे कुठे सापडलेला नाही.

आजच्या इंग्लंडकडे परत येते. स्त्रियांना बिशप करण्याचा ठराव २०१२ मध्ये सामान्य सभासदांच्या सभागृहात सहा मतांनी पडला, २०१४ मध्ये मंजूर झाला, आणि जानेवारी २०१५ मध्ये यॉर्क मिन्स्टरमध्ये लिबी लेन चर्च ऑफ इंग्लंडच्या पहिल्या स्त्री बिशप झाल्या. त्याच वर्षी ग्लॉस्टरच्या बिशप म्हणून रेचल ट्रीवीक आल्या. बिशप म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसणाऱ्या त्या पहिल्या बाई. लॉर्ड्समध्ये बसण्याआधी राणीच्या नावाने एक आज्ञापत्र निघते, आणि त्यात बिशपांना शतकानुशतके 'देवाच्या ठायी पिता' अशा अर्थाच्या शब्दांनी संबोधले जाई. ट्रीवीकबाईंनी ते शब्द बदलून मागितले. त्यासाठी त्यांची पाळी थोडी लांबली. राणीने मान्यता दिली, शब्द बदलले, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये त्या आपल्या जागी बसल्या.

त्या वेळी पुष्कळांनी नाके मुरडली. एवढ्या जुन्या कागदावरचे दोन शब्द, वाचतो कोण! पण मला ट्रीवीकबाईंचा फार अभिमान वाटतो. आज्ञापत्र म्हणजे राज्याने तुम्हाला नावाने बोलावणे. ज्या कागदाने तुम्हाला जागा मिळते त्याच कागदाने तुम्हाला दुसराच कोणीतरी म्हणायचे, हे कोणी का सोसावे? आणि बदलायला लागले किती? एक विनंती, एक मान्यता.

असे चमत्कारिक कोपरे अजून आहेत. इंग्लंडमध्ये दीक्षा घेतलेल्या पुरुषाला नाइटचा किताब मिळाला तर तो 'सर' लावत नाही, कारण खांद्याला तलवार लावण्याचा विधी पाद्र्यांसाठी होत नाही. बायकांच्या 'डेम' किताबाला तलवार लागतच नाही, म्हणून दीक्षा घेतलेली बाई 'डेम' लावू शकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशप म्हणून ज्यांचे नाव जाहीर झाले त्या सारा मुलाली डेम आहेत. तो किताब त्यांना २००५ मध्ये मिळाला. त्याआधी त्या इंग्लंडच्या सर्वोच्च परिचारिका अधिकारी होत्या, आणि त्या पदावर पोचल्या तेव्हा त्या अवघ्या ३७ वर्षांच्या होत्या. परिचारिकांच्या जगाने हा प्रश्न चर्चच्या आधी पाहिला आहे. वॉर्डची प्रमुख ती 'सिस्टर', हा शब्द मठातून इस्पितळात आलेला. मग पुरुष त्या जागी आले तेव्हा त्यांना 'ब्रदर' कोणी म्हटले नाही, त्यांच्यासाठी 'चार्ज नर्स' हे पदाचे नाव वापरले. पुरुषाच्या बाबतीत नाते सोडून पद शोधायला कोणाला वेळ लागला नाही.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. चर्च ऑफ इंग्लंडमध्येच अशा मंडळ्या आहेत ज्यांना स्त्रियांची दीक्षा श्रद्धेच्या कारणाने मान्य नाही. त्यांच्यासाठी १९९३ पासून वेगळ्या बिशपांची सोय आहे. ही माणसे दुष्ट नाहीत. त्यातल्या काहींबरोबर मी गायनात उभी राहते. ते म्हणतात, जी आमच्या लेखी धर्मगुरू नाही तिला धर्मगुरूचे बिरुद लावून आम्ही खोटे का बोलावे? त्यांना मी एवढेच म्हणते की २०१४ मध्ये सगळ्यांनी मिळून जी तत्त्वे स्वीकारली त्यांतले पहिलेच असे आहे की चर्चने ज्यांना दीक्षा दिली ते त्या पदाचे खरे आणि कायदेशीर धारक आहेत. 'रेव्हरंड' म्हणणे म्हणजे तिच्या हातून प्रभुभोजन घेणे नव्हे. ज्या न्यायाधीशाचा निकाल आपल्याला मान्य नाही त्यालाही आपण न्यायाधीशच म्हणतो. रोमन कॅथलिक चर्चची गोष्ट वेगळी. तिथे स्त्रियांना दीक्षा देता येत नाही, असे पोपनी १९९४ मध्येच पुन्हा बजावले, ब्रिस्टलनंतर अवघ्या अडीच महिन्यांनी. तिथल्या हाकेबद्दल बोलायचा अधिकार तिथल्या बायकांचा आहे, माझा नाही.

जर्मन भाषेने दुसरी वाट धरली. १९९२ मध्ये हॅम्बुर्गच्या मारिया येप्सन जगातल्या पहिल्या लूथरन स्त्री बिशप झाल्या आणि जर्मनांनी 'बिशप'चे सरळ स्त्रीलिंग केले. तिथे पाद्रीणबाई आणि पाद्र्याची बायको यांना दोन निराळे शब्द आहेत, त्यामुळे गोंधळ होत नाही. जर्मनमध्ये प्रत्येक पदाला असे रूप असते, म्हणून ते तिथे शोभते. इंग्रजीने ते करू नये. इंग्रजीत शिक्षक, डॉक्टर, न्यायाधीश कोणालाच लिंग उरलेले नाही. फक्त चर्चच्या दारात ते नव्याने आणायचे कशाला?

आणि मराठीने काय करावे? मराठीला काहीच करावे लागत नाही, हे मला फार उशिरा कळले. या लेखाच्या सुरुवातीला मी 'नव्या व्हिकर आल्या' असे लिहिले. कोणी थबकले का? पदाला हात न लावता क्रियापदाने काम केले, वर आदरही दिला. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील निवडून आल्या तेव्हा 'राष्ट्रपती'चे स्त्रीलिंग काय, यावर आपल्याकडे बराच खल झाला. शेवटी 'राष्ट्रपती म्हणाल्या' हेच राहिले आणि आता ते कोणाला टोचत नाही. २०१३ मध्ये दक्षिण भारतीय चर्चमध्ये पुष्पा ललिता नंद्यालच्या बिशप झाल्या, तेव्हाही आपल्याला 'बिशपीण' शोधावी लागली नाही.

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या दृढीकरणाला, म्हणजे बाप्तिस्म्याची वचने स्वतः पक्की करण्याच्या विधीला, आमच्या भागाच्या बिशप आल्या होत्या. उंच बाई, हातात काठी, डोक्यावर टोपी, मुलीच्या कपाळावर दोन्ही हात ठेवून तिच्या नावाने प्रार्थना केली. मुलीला आपले मराठी नाव नीट उच्चारलेले हवे होते. बिशपांनी आधी दोनदा विचारून घेतले होते आणि ते बरोबर उच्चारले. संध्याकाळी नगरला आईला फोन केला. आई एक्याऐंशी वर्षांची, जन्मभर पाळकसाहेबच पाहिलेली. तिने विचारले, "बिशप आल्या होत्या का? काय म्हणाल्या?"

ती अडखळली नाही. तिला कोणी शिकवले नव्हते.

इंग्रजीत क्रियापद हे ओझे उचलत नाही, म्हणून ते सगळे नावामागच्या शब्दावर येते. म्हणूनच तो शब्द दोघांना सारखा हवा. मला जे हवे आहे त्याला सिनॉड लागत नाही, मतदान लागत नाही. छापील कागदावर, फलकावर, अंत्यविधीच्या पत्रिकेवर दोघांचेही 'रेव्हरंड' आणि पूर्ण नाव. समोरासमोर हाक कशी मारायची ते ज्याने त्याने सांगावे, पण एकाने सांगितले की दुसऱ्यालाही विचारावे. 'मला नावाने हाक मारा' असे बाई म्हणाल्या तर गृहस्थांनाही विचारा, तुम्हालाही चालेल ना? हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता. मी विचारला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले की खरे सांगायचे तर आपल्याला त्याची सवय झाली आहे. मला ते उत्तर आवडले, कारण ते खरे होते.

आमच्या चर्चच्या आत, बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ, एक लाकडी फळी आहे. तेराव्या शतकापासूनच्या सगळ्या व्हिकरांची नावे तिच्यावर सोनेरी अक्षरांत आहेत: साल आणि नाव. कोणाच्याही मागे फादर नाही, रेव्हरंडसुद्धा नाही. सगळ्यात खाली आमच्या बाईंचे नाव, आडनावासकट, वरच्या नावांएवढ्याच अक्षरांत आहे. ते रंगवणाऱ्या माणसाला कोणाला काही विचारावे लागले नसणार.

पुढच्या महिन्यात पॅरिश कौन्सिलची बैठक आहे. ओसरीतल्या पेटीतल्या कागदाचा विषय मी लेखी दिला आहे. सातव्या क्रमांकावर आहे, छपराच्या गळतीनंतर.